फ्लोरिडाची फेरमोजणी : फॅमिली ग्रुपवरची चर्चा

निखिल : काका, अल गोर यांनी हाताने फेरमोजणी मागितली ती फक्त स्वतःच्या सोयीची, हे तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, २००० साल, बुश विरुद्ध गोर. फ्लोरिडा राज्यात साठ लाखांच्या आसपास मतं आणि बुश शेवटी फक्त ५३७ ने पुढे. अशा वेळी हाताने मोजा म्हणणाऱ्याचं काय चुकलं?

सुहासकाका : मोजा म्हणण्यात काही चुकलं नाही. कुठे मोजा म्हणाले ते बघ. ६७ पैकी चारच काउंट्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या), आणि चारही अल गोर यांना अनुकूल.

निखिल : कायदाच तसा होता. उमेदवाराने काउंटीवार अर्ज करायचा. शिवाय १५ नोव्हेंबरला गोर म्हणाले होते की हवं तर सगळं राज्य मोजू. बुश यांनीच नकार दिला.

सुहासकाका : तेही खरं. कारण तोवर कोण पुढे आहे हे दोघांनाही माहीत होतं. पुढे असलेल्याला मोजणी पुरे वाटते, मागे असलेल्याला अपुरी.

वसुधाआत्या : अरे पण मत मोजण्यात एवढं भांडण्यासारखं काय? ज्याला दिलं त्याला दिलं.

मृणाल : आत्या, तिथे अनेक काउंट्यांत शिक्का नव्हता, कार्डाला टोचून भोक पाडायचं होतं. भोकातली टिकली पूर्ण पडली तर प्रश्नच नाही. पण काहींची एका कोपऱ्याला लटकत राहिली, काहींवर नुसता खळगा. मशीनला तिथे मत दिसत नाही. आता माणसाने ठरवायचं, खळगा म्हणजे मत, की टोचायला घेतलं आणि विचार बदलला?

सुहासकाका : आणि ठरवायचं कोणी, कशावरून? पाम बीचमध्ये आधी १९९० चा जुना निकष लावला, मग कार्डातून उजेड दिसतो का ते बघायला लागले, मग परत जुन्यावर आले. शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये निकष बराच सैल. म्हणजे तोच खळगा इथे मत, तिथे कोरं कार्ड. मला खटकतं ते हे. हाताने मोजायला माझा विरोध नाही.

मृणाल : अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या नऊपैकी सात न्यायाधीशांनाही तेच खटकलं. पण पुढचं मला पटत नाही. एकच निकष ठरवून द्या आणि मोजा, असं सांगता आलं असतं. पाच विरुद्ध चारने १२ डिसेंबरला म्हणाले, आता वेळ नाही. मोजणी मध्येच त्यांनीच थांबवली होती ना?

निखिल : 👏

निखिल : आणि गंमत ऐका. २००१ मध्ये वृत्तसंस्थांनी मिळून जवळपास १,७५,००० बाद कार्डं, म्हणजे मोजणीत कोणाचंच मत न धरलेली, तपासून घेतली. गोर यांनी मागितलेल्या काउंट्या पूर्ण मोजल्या असत्या तरी बुशच आले असते. राज्यभरातली सगळी बाद कार्डं धरली तर गोर थोडक्यात पुढे!

सुहासकाका : म्हणजे सोयीचं मागायला गेले, तेही सोयीचं निघालं नाही.

सुहासकाका : आता मिनेसोटा राज्य बघ, २००८, सिनेटची (अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाची) जागा, कोलमन विरुद्ध फ्रँकेन. कोलमन २१५ मतांनी पुढे. तिथे उमेदवाराने काउंट्या निवडायच्या नव्हत्या, अख्खं राज्य हाताने मोजलं. मतदाराचा हेतू कसा ओळखायचा हे कायद्यात आधीपासून लिहिलेलं. वादाच्या मतपत्रिका पाच जणांच्या मंडळासमोर, सगळ्यांदेखत तपासल्या. फ्रँकेन २२५ ने पुढे गेले, कोर्टानंतर ३१२ ने. एका पठ्ठ्याने फ्रँकेनपुढचा गोल रंगवला आणि खाली स्वतःच्या हाताने ‘लिझर्ड पीपल’ (सरडे-माणसं) असं नाव लिहिलं.

वसुधाआत्या : 😂 मग ते कोणाला गेलं?

सुहासकाका : कोणालाच नाही. एका जागेला दोन नावं, बाद.

निखिल : पण काका, इतकं नीट करूनही कोलमन कोर्टात गेले आणि निकाल लागायला जूनअखेर उजाडली. सिनेटची एक जागा रिकामी ठेवता येते. राष्ट्राध्यक्षपद कसं ठेवणार?

मृणाल : नाहीच ठेवता येत. इलेक्टोरल कॉलेजचं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष औपचारिकपणे निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींचं, मतदान १८ डिसेंबरला होतं. पण लोकांचं मतदान ७ नोव्हेंबरलाच झालं होतं. पहिल्याच आठवड्यात ६७ च्या ६७ काउंट्या एका निकषाने मोजायला घेतल्या असत्या तर जमलं असतं, असं माझं मत. काका?

सुहासकाका : जमलं असतं. दोघांपैकी एकाने तरी पहिल्याच दिवशी तसं मागायला हवं होतं.