मदत हवी आहे: वर कोंबड्या, खाली मासे, आणि पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडतायत

नमस्कार मंडळी, मत्स्यशेती आणि कोंबड्या एकत्र करणाऱ्यांकडून सल्ला हवाय, जरा लवकर मिळाला तर फार बरं.

दादा-वहिनींचं छोटं शेततळं आहे, साधारण १००० चौरस मीटरचं, दीड मीटर खोल. रोहू, कटला, मृगळ असे तिन्ही सोडलेत. काठाला लागून पाण्यावरच कोंबड्यांचं खुराडं बांधलंय, खाली जाळी आहे, त्यामुळे विष्ठा थेट तळ्यात पडते, त्यावर प्लवंग (पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळं आणि सूक्ष्म जीव) वाढतं आणि माशांना विकतचं खाद्य कमी लागतं. पद्धत चांगलीच आहे, कमी पैशात दोन उत्पन्नं निघतात आणि बऱ्याच गरीब देशांत छोटे शेतकरी अशीच शेती करतात.

तर झालंय असं की गेल्या काही दिवसांपासून आभाळ भरलेलं आहे आणि पहाटे उजाडायच्या आधी मासे पृष्ठभागावर येऊन नुसते तोंड उघडझाप करत असतात, आधी कटला, मग बाकीचे. आधी टाळी वाजवली की खाली जायचे, आता जागचे हलत नाहीत. ऊन आलं की परत नॉर्मल. पाणी गडद हिरवं झालंय, हात कोपरापर्यंत बुडवला तर तळवा दिसत नाही, मनगट जेमतेम बुडलं की बोटं दिसेनाशी होतात.

कारण मला साधारण कळतंय. दिवसा शेवाळं ऑक्सिजन तयार करतं पण रात्री तेच मासे आणि तळाच्या गाळासोबत तो वापरतं, म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो आणि ढगाळ दिवसांत मुळात तयारच कमी होतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा, ३ च्या खाली गेला की रोहू-कटलासारख्या कार्प माशांना त्रास सुरू होतो. आमच्याकडे मोजायचं किट नाही पण मासे सांगतायतच की.

खरा पेच पुढे आहे. कोंबड्या ९० आहेत. शिफारस हेक्टरी ५०० ते ६०० ची असते, म्हणजे या तळ्याला ५०-६० पुरेत. एका अंडी देणाऱ्या कोंबडीची रोजची ओली विष्ठा शंभरेक ग्रॅम धरली तरी रोज नऊ किलो तळ्यात जातेय. मग कोंबड्या कमी करा असं कुणीही म्हणेल, पण वहिनीच्या हातात दर आठवड्याला जे पैसे येतात ते अंड्यांचेच, मुलांच्या वह्या, औषधपाणी सगळं त्यावर, माशांचे पैसे वर्षातून एकदाच. त्यामुळे प्लीज कोंबड्या विका हे पहिलं उत्तर नको, त्या ठेवून काय करता येईल ते सांगा.

माझ्या डोक्यात असं आहे की जाळीखाली ताडपत्री उतार देऊन लावायची, विष्ठा बाहेर खड्ड्यात घ्यायची, कुजवायची आणि बांधावरच्या भाजीला आणि चाऱ्याला वापरायची. पाणी निवळेपर्यंत तळ्यात काहीच टाकायचं नाही. हे कुणी केलंय का, वासाचा आणि माश्यांचा त्रास किती होतो?

दुसरं म्हणजे चुना. एकाने सांगितलं लगेच टाका. मला भीती वाटते कारण इतक्या हिरव्या पाण्यात दुपारी पीएच तसाच ९ च्या वर जातो, आणि पीएच वाढला की पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. मग चुना टाकून उलट मासे मरायचे. चूक असेल तर सांगा.

तिसरं, चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प शेवाळं खातो, तो आत्ता मधेच सोडला तर उपयोग होईल की ऑक्सिजनला अजून एक वाटेकरी?

अपडेट: प्रतिसाद देणाऱ्यांचे मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टी: तळ्याजवळ वीज नाही त्यामुळे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) जमणार नाही. शेजाऱ्यांचा डिझेल पंप मिळालाय, तळ्याचंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडतोय, पहाटे दोन तास, त्या वेळी मासे सगळे पाण्याच्या धारेजवळ गोळा होतात. खाद्य बंद केलंय. विकण्याजोगे मोठे मासे जाळं टाकून काढा हा सल्ला दादाला पटलाय, तेवढाच भार कमी होईल, पण मासे आधीच थकलेले असताना पहाटे जाळं ओढायचं नाही हे ज्यांनी लिहिलं त्यांचे खास आभार, ते आमच्या लक्षात आलं नसतं. ऊन वर आल्यावर ओढणार.

अजून एक. मधे कोंबड्यांना अँटिबायोटिक दिलं होतं, त्या दिवसांची विष्ठा पण पाण्यातच गेली. याचा अंश माशात उतरतो का, आणि विकायच्या आधी किती थांबावं? लोकांच्या पोटात जायचंय म्हणून विचारतोय, घाईने विकायचे नाहीयेत. आणि ताडपत्रीवाल्यांनी कुजवलेलं खत पुन्हा तळ्यात टाकायला कधी आणि किती प्रमाणात सुरुवात केली तेही लिहा.