सदनिकांतील गव्हाच्या कोठीत सल्फासच्या गोळ्या ठेवण्यास बंदी असावी का?

रामबागकर:
चैत्र-वैशाखात छावणीच्या मंडीतून वर्षाचा गहू भरण्याची इंदूरकरांची रीत जुनी आहे, आणि शरबती असो वा लोकवन, त्याला कीड लागू नये म्हणून सल्फासच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून कोठीत ठेवणारी घरेही कमी नाहीत. आमच्या इमारतीच्या येत्या सर्वसाधारण सभेत या गोळ्यांवर पूर्ण बंदी घालण्याचा ठराव मी मांडणार आहे; त्यात घरोघरी कोठ्यांची झडती घेण्याचे आणि दंडाचे कलमही आहे. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तेवढा वायू पसरला, तर कामाच्या ठिकाणी 8 तासांसाठी धरली जाणारी दशलक्षात 0.3 भाग ही मर्यादा 80 पटींहून अधिक ओलांडली जाते. भिंतींच्या भेगांतून आणि नळांच्या डक्टमधून तो शेजाऱ्यांकडे जाऊ शकतो, म्हणून हा ज्याच्या-त्याच्या घरापुरता प्रश्न राहत नाही. उलट्या, छातीत जडपणा, धाप ही लक्षणे अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात, आणि या विषावर उतारा नाही.

जुना_इंदूरकर:
ठरावाला माझा स्पष्ट विरोध आहे. एका गोळीतला सगळा वायू एकदम मोकळ्या खोलीत सुटेल असे आपण धरले आहे. प्रत्यक्षात गोळी हळूहळू विरते, तीही झाकण लावलेल्या कोठीत. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात वर्षाचा गहू किडला, तर तो पुन्हा भरणे सोपे नसते. शिवाय बंदी घातलीत, तर आज सांगून-सवरून गोळ्या ठेवणारे उद्या लपवून ठेवतील, आणि शेजाऱ्यांना सावध राहण्याची संधीही उरणार नाही.

रामबागकर:
हळूहळू विरते हे खरे, पण पत्र्याची कोठी हवाबंद नसते आणि पिठासाठी ती वरचेवर उघडावी लागते. वास आला की कळेल, या भरवशावरही राहू नये. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा जो वास येतो तो मुख्यतः त्यातल्या अशुद्धींचा असतो. शुद्ध फॉस्फिनला वास नाही.

शेतकी_पदवीधर:
मोठ्या गोदामांत हेच धुरीकरण ताडपत्री घालून, कडा सीलबंद करून, इशाऱ्याच्या पाट्या लावून होते आणि वायू निघून गेल्याची खात्री झाल्याशिवाय आत कोणाला सोडायचे नसते. स्वयंपाकघरात यातले काय शक्य आहे? कीटकनाशक अधिनियम, 1968 अन्वये घातलेल्या निर्बंधांनुसार या तीव्र गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील कीडनियंत्रण व्यावसायिक यांच्यापुरताच आहे, आणि 3 ग्रॅमच्या 10 व 20 गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 मध्येच बंदी आली. तेव्हा सभेने वेगळी बंदी घालण्याचा प्रश्नच नाही. जे मुळात नियमाबाहेर आहे ते इमारतीत चालू द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

सुगरण_इंदूर:
या चर्चेत कामाला येणाऱ्या बायकांचा उल्लेखही झालेला नाही, याचे मला वाईट वाटते. आमच्याकडे गहू चाळायला येणाऱ्या मावशींनी कोठीच्या तळाशी सापडलेली पुरचुंडी सोडली, आत करडी भुकटी होती, आणि ती त्या मोरीत टाकून वर पाणी ओतणार होत्या. त्या भुकटीत न विरलेला अंश असेल, तर पाण्याने वायू एकदम सुटतो. हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. आम्ही आता गव्हाला एरंडेल चोळतो, वैशाखाचे कडक ऊन दाखवतो आणि एकावेळी तीन महिन्यांचाच गहू भरतो. मेहनत पडते, हे मान्य. पारद टिकड्यांचा पर्याय मात्र कोणी सुचवू नये. पाऱ्याची वाफही विषारीच असते.

जुना_इंदूरकर:
मावशींचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि मालकाने न सांगता असे काम करून घेणे गैरच आहे. तरीही घरोघरी कोठ्या उघडून पाहण्याचा अधिकार सभेला देण्याला माझा विरोध कायम राहील. ठरावातून झडती आणि दंडाची कलमे काढा, ज्यांच्याकडे गोळ्या आहेत त्यांच्याकडून त्या नियमानुसार परत घेण्यासाठी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकाला सोसायटीच्या खर्चाने बोलवा, आणि एरंडेल चोळण्याचे काम एकट्या वृद्धांना झेपत नाही त्यांच्यासाठी इमारतीने मिळून माणूस लावावा. एवढे झाले तर मी विरोधात मत देणार नाही.

रामबागकर:
झडतीचे कलम मी काढतो. दंडाचे मात्र ठेवणार, कारण डक्ट सगळ्यांची आहे.