मदत हवी आहे: आरएक्स १०० ला कोन फिल्टर बसवला, मेन जेट किती वाढवू?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. वडिलांच्या यामाहा आरएक्स १०० चा फिल्टर बॉक्स जुना होऊन तडकला, तसा दुसरा मिळेना, म्हणून कोन फिल्टर (बॉक्सशिवाय थेट कार्ब्युरेटरला लागणारा शंकूसारखा एअर फिल्टर) बसवला. आयडलिंग चांगलं आहे. मधल्या थ्रॉटलला गाडी थोडी अडखळायची, ते कार्ब्युरेटरमधल्या नीडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घेतल्यावर थांबलं. पण पूर्ण थ्रॉटल दिला की दम टाकते आणि प्लग पांढरा येतो. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकला आत शिरणारं पेट्रोलच बरंच गार ठेवतं, त्यामुळे पिस्टन जाम होईल याची खरी काळजी वाटते.

मेन जेट (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा कार्ब्युरेटरमधला भोकाचा स्क्रू; नंबर मोठा तितकं पेट्रोल जास्त) वाढवायचा हे नक्की, पण मूळ नंबरच्या किती पायऱ्या वरून सुरुवात करू? मोठ्यावरून खाली येणं मला सुरक्षित वाटतं.

दुसरं म्हणजे, आम्ही चोर्ला घाटानं गोव्याला जातो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. खाली हवा दाट, मिश्रण आणखी लीन होणार, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडणार. मग जेट खालच्या हिशोबानेच ठेवावा का? पावसाळ्यात फिल्टरवर कव्हर घातलं तर परत फरक पडतो का?

बेळगाव-निपाणी भागात अस्सल मिकुनी (कार्ब्युरेटर कंपनीचे) जेट सुटे कुठं मिळतात, तेही सांगा.