पीएमआय ५० च्या वर, मग आमचंच रडगाणं का?

कास्टिंगवाला_कोल्हापूर: मंडळी, पेपरात येतं मॅन्युफॅक्चरिंग पीएमआय (कारखानदारी वाढतेय की घटतेय सांगणारा महिन्याचा निर्देशांक) ५० च्या वर, म्हणजे धंदा वाढतोय. आमची पंपाची कास्टिंग न्हावा शेवाहून जर्मनीला जातात, २०२४ मध्ये भाडं असं चढलं की सगळं मार्जिन कंटेनरच्या घशात गेलं. मग हा आकडा बघायचा कशाला?

आकडेमोड: भाऊ, त्यात परचेस मॅनेजरना विचारतात मागच्या महिन्यापेक्षा बरं की वाईट, नफा कोण विचारतंय! आणि गंमत म्हणजे सप्लायरची डिलिव्हरी लांबली की मागणी जास्त आहे असं धरून आकडा उलटा वर जातो, २०२१ ला कितीतरी देशांत हेच झालं.

गोदीकर: भाड्याचं कारण तांबडा समुद्र. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले, मग जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली, १०-१४ दिवस जादा, आणि तेवढे दिवस कंटेनर पण अडकून पडतो त्यामुळे रिकामे मिळेनात. तुम्ही एफओबी विकता (जहाजभाडं गिऱ्हाइकाचं) का सीआयएफ (भाडं-विमा तुमच्या अंगावर)?

कास्टिंगवाला_कोल्हापूर: सीआयएफ. वर्षभराचा रेट फिक्स करून. तिथंच शेण खाल्लं 😅