गिलियन वेल्चचा 'टाइम (द रेव्हलेटर)': अस्सल की बनाव?

रानवाट: अमेरिकन लोकगीतांच्या वळणाने गाणाऱ्या गिलियन वेल्चचा २००१चा हा अल्बम परत ऐकतोय आणि परत तिथेच अडकतोय. बाई वाढल्या लॉस एंजेलिसमध्ये, आईवडील टीव्हीच्या कार्यक्रमांना संगीत देणारे, शिक्षण बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात. गातात मात्र अशा, जणू जुन्या लोकगीतांचं माहेर असलेल्या ॲपलाशियाच्या डोंगरात खाणकामगाराच्या घरी जन्मल्या. ऐकायला गोड आहे, नाही असं नाही, पण सोंग ते सोंगच. त्यात शेवटचं गाणं साडेचौदा मिनिटांचं! तुमचं काय मत?

चहाटळ: गाणं ऐकायचं की जन्मदाखला तपासायचा? १९९६च्या पहिल्या अल्बमपासून हेच तुणतुणं वाजतंय. तेव्हा त्यात थोडं तथ्य होतं, इथे नाही. यातलं 'एव्हरीथिंग इज फ्री' नॅपस्टरच्या, म्हणजे इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण करणाऱ्या त्या सेवेच्या, दिवसांतलं आहे. लोक गाणी फुकट उतरवून घेणार, मग गाणाऱ्याने खायचं काय? डोंगरातल्या कुठल्या आजीला हा प्रश्न पडला होता, सांगा बरं.

रानवाट: विषय आजचा, सामान जुनंच. रॉक गायक एल्विस प्रेस्लीवर गाणं करायचं तरी मध्ये जॉन हेन्री, तो लोकगीतांतला यंत्राशी पैज लावून मेलेला हातोडेवाला, हवाच का?

चहाटळ: हवाच. दोघेही राबून संपलेले. आणि रेकॉर्डिंग कुठे झालंय? नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये, जिथे खुद्द एल्विस गायचा.

जुनी कॅसेट: यातलं 'एप्रिल द फोर्टीन्थ' नीट ऐका हो. लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ला, टायटॅनिक हिमनगावर आदळली १४ एप्रिल १९१२ला, ओक्लाहोमावर धुळीचं काळं वादळ आलं १४ एप्रिल १९३५ला. जुन्या लोकगीतांना शोभणारी ही तीन अरिष्टं. पण त्यांच्या मध्येच बाई काय आणून ठेवतात? दोन डॉलर तिकिटाचा कार्यक्रम, पाच बँड, बाहेर आयडाहोहून आलेली व्हॅन, मागच्या सीटवर कचऱ्यात बेशुद्ध पडलेली मुलगी. अर्ध्या टाकीचं पेट्रोलही सुटणार नाही एवढा गल्ला, स्थानिक पेपरवाला एकही फिरकलेला नाही. हे बघून गाणारीला वाटतं काय, तर आपणही अशाच रॉक बँडमध्ये असायला हवं होतं! सोंग काढणाऱ्याला असलं सुचत नाही. पुढे 'रुइनेशन डे'त तीच तारीख परत येते, तेव्हा ती व्हॅन आपल्याला आठवत राहते.

अर्धा सूर: जुनी कॅसेट +१. शब्दांवरच सगळे भांडताय म्हणून एक सांगतो. या अल्बमात ड्रम नाहीत. दोन आवाज, दोन गिटार, फार तर बॅंजो. बाईंचा साथीदार डेव्हिड रॉलिंग्जची एपिफोन गिटार १९३५ची, लहानखुरी. तिच्यावर तो मुद्दाम खटकणारा सूर लावतो आणि लगेच सोडत नाही. जुन्या तबकड्यांची नक्कल करायची असती तर त्याने इतकं आडवं वाजवलं नसतं.

रानवाट: व्हॅनवालं कडवं जबरदस्त आहे, कबूल. रॉलिंग्जबद्दल तर माझी तक्रारच नव्हती. पण ते शेवटचं 'आय ड्रीम अ हायवे'? लय वाढत नाही, चाल बदलत नाही, कडव्यांमागून कडवी. पाच मिनिटांत भागलं असतं.

अर्धा सूर: पाचात भागलं असतं तर बाकीच्या गाण्यांसारखंच एक झालं असतं. लय वाढवली की ते संपण्याकडे निघालं असतं, आणि बाईंना ते संपवायचंच नाहीये.

चहाटळ: शिवाय लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, त्यांची स्वतःची, ॲकोनी. कात्री लाव म्हणणारा डोक्यावर कोणी नव्हता.

रानवाट: तेच तर म्हणतोय मी मघापासून. कोणीतरी हवा होता.