मदत हवी आहे: वरची खुर्ची रिकामी नाही, तर हाताखालच्या माणसाला पुढे कसं न्यायचं?

शॉपफ्लोअर

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपचं प्रॉडक्शन बघतो. मालक मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण अर्धा घोळ त्यातच आहे. पंचेचाळीसच्या आसपास माणसं, सहा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन), चार सीएनसी टर्निंग, कोपऱ्यात दोन जुनी लेथ आणि एक छोटी क्यूसी (माल तपासायची) रूम. काम बहुतेक चाकणच्या गाडी कंपन्यांना माल देणाऱ्यांचं.

आमच्याकडे शिडीला पायऱ्याच तीन. ऑपरेटर, सेटर (मशीन लावून टूलचे ऑफसेट, म्हणजे मापाच्या दुरुस्त्या, टाकणारा), सुपरवायझर. शिफ्ट दोन, सुपरवायझर दोन, दोघंही चाळिशीच्या आतले आणि दोघंही कुठे जाणार नाहीत. म्हणजे एकदा सेटर झालेल्याला पुढे दहा-पंधरा वर्षं वर जागाच नाही. तिकडे चाकणला दोन-तीन हजार जास्त देणारा कुणीतरी कायम उभा असतो, वर कंपनीची बस आणि कँटीन.

नावं टाळतो, आमची मंडळीही इथे वाचतात.

मुख्य प्रश्न पहिल्या शिफ्टच्या सेटरचा. आयटीआय मशिनिस्ट, आठेक वर्षं आमच्याकडे. माणूस काय ताकदीचा आहे ते एका उदाहरणात सांगतो. ॲल्युमिनियमच्या एका हाउसिंगला ६२ एच७ चा बोअर आहे, म्हणजे ६२ मिमीचं भोक. खाली शून्य, वर ३० मायक्रॉन, तेवढ्यात बसवायचं. मागच्या उन्हाळ्यात मशीनवर ओके दिसणारे पीस संध्याकाळी क्यूसीत अंडरसाइज निघायला लागले. ऑपरेटर म्हणतो क्यूसीचा गेज खोटा, क्यूसी म्हणते ऑपरेटरने मोजलंच नाही. दोन दिवस नुसती भांडणं. या पठ्ठ्याने मशीनशेजारी ग्रॅनाइटची एक जुनी प्लेट मांडली, पीस काढला की अर्धा तास तिच्यावर ठेवायचा आणि मगच बोअर गेज लावायचा असा नियम केला. मशीनमधून निघालेला पीस दहा अंशाने जरी गरम असला तरी तो बोअर साधारण १४ मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे निम्मा टॉलरन्स गेला. हे गणित मी नंतर कागदावर मांडलं. त्याने ते हाताला चटका बसला त्यावरून ओळखलं होतं.

असा माणूस परवा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "साहेब, मी अजून किती वर्षं ऑफसेटच टाकत बसू?" त्याला डिप्लोमा करायचाय. घरी स्थळं बघतायत आणि 'ऑपरेटर' म्हटलं की समोरचे चहा पिऊन उठतात, हेही कारण आहे. 'घरबसल्या एका वर्षात मेकॅनिकल डिप्लोमा' अशी एक जाहिरात त्याने मोबाइलवर दाखवली. साठ हजार फी. मला ते काही खरं वाटत नाही, पण नक्की काय सांगावं ते कळेना.

दुसरी क्यूसीतली मुलगी. डिप्लोमा मेकॅनिकल, तीन वर्षं झाली. व्हर्निअर, हाइट गेज, बोअर गेज आणि डिस्पॅचचे रिपोर्ट भरणं. तिला सीएमएम (तिन्ही दिशांत माप घेणारं मशीन) शिकायचंय. आमच्याकडे सीएमएम नाही, ते मोजमाप बाहेरून करून घेतो.

तिसरे लेथवरचे अण्णा. निवृत्तीला चार-पाच वर्षं. यांचंही काही करायला हवं असं मला वाटतं, काय ते सुचत नाही.

शेठना विषय काढला तर ते म्हणाले, "शिकवा आणि चाकणला पाठवा. आपण काय धर्मशाळा उघडलीये?" फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले, दोन वर्षांचा बाँड घ्या आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात ठेवा. हे मला पटत नाही, पण पैसे त्यांचेच आहेत.

जागा नसताना माणूस कसा वाढवायचा? छोट्या शॉपमध्ये कुणी केलं असेल तर सांगा. मोठ्या कंपन्यांची एचआरची पुस्तकी उत्तरं नकोत, प्लीज.

गंजलेला बोल्ट

शेठ बरोबर बोलतायत. मी तिघांना प्रोग्रामिंगच्या कोर्सला पाठवलं, तिघंही गेले. आता कुणाला पाठवत नाही.

शॉपफ्लोअर

बोल्टदादा, आणि आता कुणी जात नाही का?

गंजलेला बोल्ट

जातात की. पण फी तरी वाचते.

टूलरूमकाका

तीस वर्षं टूलरूममध्ये गेली, त्यातली निम्मी माणसं सांभाळण्यात, म्हणून लांबण लावतो.

पहिलं म्हणजे त्या पोराला सुपरवायझर करायचा विचार डोक्यातून काढा, जागा झाली तरी. आपल्याकडे हाताने चांगला तो सुपरवायझर, अशी रीतच पडली आहे. मग होतं काय, एक उत्तम सेटर जातो आणि हजेरी, ओव्हरटाइम, रजेचे अर्ज यांत वैतागलेला एक सुमार सुपरवायझर मिळतो. दोन्हीकडून नुकसान. त्याच्यासाठी शेजारी दुसरी शिडी लावावी लागेल.

तुमचे प्रोग्राम कोण करतं? माझा अंदाज, बाहेरचा माणूस पर प्रोग्राम पैसे घेऊन करतो आणि तुमचा सेटर मशीनवर उभा राहून त्यातली फीड-स्पीड दुरुस्त करतो. असंच असेल तर जागा तिथेच आहे. वर्षभरात बाहेर किती दिले ते अकाउंट्समधून काढा. नवीन पार्ट आला की फिक्स्चर कसं, टूल कुठलं, ऑपरेशनचा क्रम काय, सायकल टाइम किती, यातलं कुणी एकहाती बघतं का? नसेलच. तर सेटरच्या पुढची पायरी 'प्रोसेस'. पण पद द्याल ते पगारपत्रकावर आणि आयकार्डवर द्या. नुसतं तोंडी 'आजपासून तू सीनिअर' म्हणाल तर दिवाळीच्या आत कळेल त्याला. आणि पगारात फरक दिसू द्या, हजार का होईना.

दुसरं, त्याला मशीनवरून सोडवणार कसं? सगळ्या योजना इथेच मरतात. रोज दोन तास त्याला कॉम्प्युटरवर बसवायचं ठरतं आणि पहिल्याच आठवड्यात कस्टमरचा फोन येतो, माल कुठाय. तेव्हा आधी त्याच्या हाताखाली एक तयार करा. अप्रेंटिस घेता का? तीस किंवा जास्त माणसं असली की कायद्याने घ्यावेच लागतात, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. शेठना हे आकडे आवडतील. अप्रेंटिस शिकवण्याची जबाबदारी सेटरला द्या. शिकवायला लागला की त्याचं त्यालाच कळतं आपल्याला काय येत नाही.

तिसरं, तुमच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स असेलच, कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता, चार भागांची गोल चकती काळी केलेली. ऑडिटच्या आदल्या रात्री भरतात तो. तो एकदा खरा भरा, माणसासमोर बसून. 'मला इथे तीन भाग वाटतात, तुला काय वाटतं, चौथा भरायला काय लागेल?' अर्धा तास द्या एकेकाला. शॉपवर नको, आवाजात बोलणं होत नाही, आणि इन्क्रिमेंटच्या महिन्यात तर मुळीच नको. तेव्हा माणूस फक्त आकडा ऐकायला आलेला असतो.

अण्णांना विचारलंत का, त्यांना काय हवंय ते? बऱ्याचदा त्या वयात माणसाला फक्त शिफ्ट फिरायला नको असते. तेवढं द्या.

पॉलीवाला मास्तर

पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, म्हणून डिप्लोमापुरतं बोलतो.

ती जाहिरात सोडून द्या. साठ हजार पाण्यात जातील. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री घरबसल्या पत्राने करायला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांनी मान्यतेशिवाय दिलेल्या दूरशिक्षणाच्या इंजिनिअरिंग पदव्यांवर कडक निकाल दिला, तेव्हा कितीतरी नोकरदारांचे कागद अडचणीत आले. शॉपवरचे जुने लोक त्याला एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) कर म्हणून सांगतील. त्यांच्या काळी ते ठीकच होतं. ३१ मे २०१३ नंतर नाव घातलेल्यांना मात्र केंद्र सरकार ते पदवीच्या बरोबरीचं धरत नाही.

सरळ रस्ता असा. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तंत्रशिक्षण संचालनालयाची वेगळी प्रवेशप्रक्रिया असते, दहावीच्या निकालानंतर त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. म्हणजे दोन वर्षांचं काम. अडचण हजेरीची, ७५ टक्के लागते आणि वर्ग दिवसा. दुसरी वाट म्हणजे नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी किंवा सवडीच्या वेळेत चालणारे वर्ग. एआयसीटीईने २०२३-२४ पासून त्यांना परवानगी दिली आहे, पण प्रत्येक कॉलेजात ते नाहीत, आणि असले तरी डिप्लोमाचे की डिग्रीचे ते बघावं लागतं. जवळचं कुठलं, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर नीट उत्तर मिळत नाही, आमच्या ऑफिसचाही अनुभव तोच.

दिवसाचं कॉलेज मिळालं तर त्याला दोन वर्षं कायम दुसरी शिफ्ट देता येईल का, एवढंच तुमच्या हातात आहे आणि ते खूप आहे. आणखी एक स्पष्ट सांगा त्याला: गणितात आयटीआयची मुलं अडकतात. त्यांना डोकं नसतं असं नाही, आठ वर्षांत वही उघडलेली नसते. जूनपर्यंत दहावी-बारावीचं त्रिकोणमिती आणि बीजगणित काढून बसवा.

कलम २७

कामगार कायद्याचं काम करतो. ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात ठेवायची कल्पना आजच्या आज शेठच्या डोक्यातून काढा. वाद झाला तर पहिला फटका त्याचाच बसेल.

बाँड मात्र सरसकट बेकायदा, हे जे लोक सांगतात ते बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण तिथली परिस्थिती वेगळी होती, बँकेला नव्या भरतीचा मोठा खर्च आणि लांबलचक प्रक्रिया करावी लागते हा मुद्दा होता. तुमच्या वीस-तीस हजारांच्या कोर्सवर दोन लाख लिहिलेत तर टिकणार नाही. प्रत्यक्ष झालेला खर्च, पावतीसकट, आणि दर महिन्याला कमी होत जाणारी रक्कम, एवढंच एका पानावर मराठीत लिहा. वाचून दाखवा, मग सही घ्या. माझं मत विचाराल तर एवढ्या रकमेसाठी बाँड घेऊच नये, वसुलीला माझी फी त्याहून जास्त होते.

मायक्रॉन

त्या क्यूसीतल्या मुलीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तीच होते, दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या शॉपमध्ये.

सीएमएम नाही म्हणून अडून बसू नका. पीस बाहेर मोजायला पाठवता ना? ड्रायव्हरबरोबर टेम्पोत पाठवत असाल. पुढच्या वेळी तिला पाठवा. ती तिथल्या माणसाशेजारी बसेल, डेटम (मोजायचा आधार) कुठला धरला, अलाइनमेंट कशी घेतली ते बघेल, रिपोर्ट हातात घेऊन येईल आणि तुम्हाला समजावून सांगेल. चार-पाच वेळा झालं की कोर्सला गेल्यावर तिचे पैसे वसूल होतात, नाहीतर त्या चार दिवसांत सगळं डोक्यावरून जातं. तोवर ड्रॉइंगवरची जीडी अँड टी (आकार आणि जागेच्या टॉलरन्सची चिन्हं) नीट करून घ्या. पोझिशन आणि कॉन्सेन्ट्रिसिटीतला फरक विचारून बघा शॉपवर, मजा येईल.

आणखी एक, आणि याला पैसा लागत नाही. कस्टमर ऑडिटला तिच्या टेबलाशी आला की उत्तर कोण देतं? तुम्ही किंवा सुपरवायझर, बरोबर? तिला देऊ दे. ती अडखळली तरी मध्ये बोलू नका. आमचे साहेब गप्प राहायला शिकले त्या वर्षी मी शिकले.

आणि त्या ६२ च्या बोअरच्या भांडणात तिला आणि सेटरला एकत्र बसवून ते गरम-थंड पीसचं रीडिंग कागदावर घ्यायला लावायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही. पुढचा उन्हाळा येतोच आहे.

टूलरूमकाका

मायक्रॉनताईंना शंभर टक्के अनुमोदन.

बोल्टरावांसाठी: भोसरीतल्या कितीतरी शेडचे मालक एकेकाळी टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नाहीतर बजाजमध्ये मशीनवर उभे होते. तिथे शिकले, बाहेर पडले आणि पुढे त्याच कंपन्यांचं काम करू लागले. गेलेला माणूस वाईट बोलत गेला की चांगलं बोलत गेला याला आपल्या लाइनीत किंमत आहे. उद्या तोच कुठेतरी परचेसला बसलेला असतो.

शॉपफ्लोअर

सगळ्यांचे आभार. थोडं झालेलं सांगतो.

काकांचा अंदाज बरोबर निघाला. बाहेरच्या प्रोग्रामिंगचा वर्षाचा आकडा काढून शेठसमोर ठेवला, शिकवण्याबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, "हे आपल्यातला कोणी करू शकत नाही का?" कॅमच्या (कॉम्प्युटरवर मशीनचे प्रोग्राम करायच्या) कोर्सची निम्मी फी कंपनी देणार, निम्मी तो. कलम २७ साहेबांचं ऐकवलं, बाँडचा विषय मागे पडला. पद आणि पगार एप्रिलमध्ये बघू म्हणाले, ते मी लेखी मागितलंय, अजून मिळालेलं नाही.

सेटरशी अर्धा तास बसलो. त्याला डिप्लोमा हवाच आहे, प्रोग्रामिंग 'पण' हवंय. दुसऱ्या शिफ्टचं विचारलं तर म्हणाला, लग्न ठरेपर्यंत चालेल! मास्तर, जवळच्या दोन कॉलेजांत जाऊन येतो.

अण्णांना विचारलं. त्यांना लेथ सोडायची नाही आणि रात्रपाळी नको आहे. काकांनी आधीच सांगितलं होतं.

क्यूसीतली मुलगी गुरुवारी पीस घेऊन जाणार आहे.

एक राहिलं. दुसरा सुपरवायझर नाराज आहे, त्याचं म्हणणं सेटरला एवढं, मग मला काय? त्याचं चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. त्याला हजेरी-ओव्हरटाइमच्या पलीकडे काय देता येईल?

टूलरूमकाका

डिलिव्हरी प्लॅनिंग तुम्ही स्वतः करता ना? त्यातला एक कस्टमर त्याच्याकडे द्या, पूर्ण. शेड्यूल, कच्चा माल, फोन, शिव्या सगळं.

शॉपफ्लोअर

शिव्या द्यायला तर आनंदाने देईन. सोमवारी बोलतो त्याच्याशी.