जर्मनची बी१ लेव्हल पास आहे पण तोंड उघडत नाही, जर्मनीत राहून जर्मन बोलायला शिकायचं कसं?

सिडकोकर_परदेशी: मंडळी, मास्टर्ससाठी स्टुटगार्टला येऊन पाच महिने झाले. नाशकात क्लास लावून बी१ केलं, मार्कही बरे पडले. पण इथे कोर्स इंग्लिशमध्ये, रूमवर तिघंही आपलीच पोरं, मग दिवसभर मराठी-हिंदी. बेकरीत जर्मनमध्ये सुरुवात केली की काउंटरवरची बाई माझं अडखळणं बघून इंग्लिशवर येते आणि मी पण गुमान इंग्लिशच झाडतो. म्हातारी माणसं बोलतात ते तर काहीच कळत नाही. काय करू?

द्राक्षबाग: म्हातारे बोलतात ते स्वाबियन रे, तिकडची बोली. निष्ट म्हणजे नाही, त्याचं नेट करतात, सगळ्याला ले लावतात, ब्रोटशनला म्हणजे छोट्या पावाला वेकले. पुस्तकी मराठी शिकलेल्याला निफाडच्या मळ्यात सोडल्यासारखं आहे, लागतं वळण हळूहळू. युनिव्हर्सिटीत टँडम पार्टनर शोध, एक तास त्याची भाषा एक तास तुझी, पण खरं सांगू का, टँडममध्ये समोरचा आपल्याला सांभाळून घेतो. माझं तोंड उघडलं ते फेराइनमध्ये, म्हणजे गावातला स्पोर्ट्स क्लब, तिथे व्हॉलीबॉल. बॉल अंगावर येत असताना तुझ्यासाठी इंग्लिश कोण आठवत बसतंय?

कॉलेजरोडची_ताई: माझा किस्सा ऐक. रूम बघायला हाल्ब ड्रायला बोलावलं, मी म्हटलं अर्धा आणि तीन म्हणजे साडेतीन, गेले तर रूम दुसऱ्याला देऊन मोकळे. हाल्ब ड्राय म्हणजे अडीच! नंतर कळलं आपलं अडीच पण मुळात अर्धतृतीयच, म्हणजे तिसरा अर्धा. एकदम सेम हिशोब, आणि मी मराठी असून फसले. बाकी आपल्याला सोपं जातं बरं का, पंचवीसमध्ये पाच आधी तसंच त्यांचंही, आणि तो-ती-ते आपल्याकडे आहेच. फक्त कोणाला काय ते पाठ करावं लागतं, मुलगी पण तिथे 'ते'.

मिसळ_विथ_पाव: बेकरीवालीला सरळ सांग, बिटे आउफ डॉइच, इश यूबे नोख. जर्मनमध्ये बोला प्लीज, अजून सराव चालूय. हसत म्हण फक्त, मागे लाइन असेल तर नको.

सिडकोकर_परदेशी: थँक्यू सगळ्यांना. व्हॉलीबॉलचं विचारलंय, गुरुवारी बोलावलंय. आज बेकरीत ते वाक्य टाकलं, बाई खूश होऊन अशी सुसाट सुटली की मी नुसता 'या या' म्हणजे हो हो करत राहिलो, दोन वेकले घ्यायला गेलो आणि सहा घेऊन आलो. रूमवर खाणारे आहेत म्हणून बरं.